खालच्या सुराचा सौदा

दानूकाका वैरागर रोज सकाळी चहाच्या आधी रिकाम्या रांजणात डोकं घालत. अंगणातला तो रांजण पाण्याचा नव्हताच, कधीकाळी असेल. काका त्याच्यापुढे गुडघे टेकत, खांद्यापर्यंत आत जात आणि पोटातून एक लांबलचक ‘ओ’ सोडत. रांजण घुमला की डोकं बाहेर काढून मार्थाकाकूंना सांगत, “लागला.” मग चहा. घुमला नाही तर चहा थांबे, आणि काकू गॅसपाशी उभ्या राहून म्हणत, “लोकांचे नवरे सकाळी पेपरात डोकं घालत्यात. आमचं हे असं.”

मी पहिल्यांदा पारनेरच्या त्यांच्या घरी गेले तेव्हा हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा. समोर रांजण, रांजणाबाहेर उरलेला अर्धा माणूस, आणि आतून आवाज असा येत होता की माणूस आता जातोय. मी गठ्ठा टाकला, त्यांची कंबर धरली आणि ओढलं. काका लालबुंद होऊन बाहेर आले.

“कोन हाय? सूर मोडला ना.”

“तुम्ही अडकला होतात.”

“अडकलो न्हवतो बाई. गात हुतो.”

मग त्यांनी मातीत पडलेलं एक पत्रक उचललं आणि मोठ्याने वाचलं. ‘आता सहन करणार नाही’ हे वाक्य मी तीन उद्गारचिन्हं देऊन छापलं होतं. काकांनी ते इतक्या सावकाश आणि इतक्या खालून वाचलं की मलाच जरा भीती वाटली. पत्रक माझ्या हातात परत देत म्हणाले, “येवढे दांडके कशाला उभे केलेत? मी यार्डात उभी हयात घालवली. ओरडला की भाव पडला, पत्रकबाई.” पत्रकबाई हे नाव मला त्या सकाळी पडलं. पारनेरात निम्म्या लोकांना माझं खरं नाव आजही माहीत नाही.

काका मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारत. पुकारणारे इतरही होते, पण भाव चढला की त्यांचे आवाज चढत, शेवटी शेवटी तर कोंबडं धरल्यासारखे होत. काकांचं उलटं. बोली वर जाई तसा त्यांचा आवाज खाली उतरे. पहिली बोली साध्या बोलण्यातली, मग छातीतली, मग पोटातली. शेवटची बोली जिथून येई ती जागा शरीरशास्त्राच्या पुस्तकात मला सापडलेली नाही. तो आवाज तळाला टेकला की व्यापारी आपोआप गप्प होत, हमाल गोण्यांना हात घालत, शेतकरी उपरण्याने तोंड पुसत. ‘सौदा झाला’ असं काकांनी कधी म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. म्हणायची गरज नव्हती.

या आवाजाचे गुरू होते रशियन बुवा.

काकांचे वडील मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंचे ड्रायव्हर होते. बाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा चावीचा ग्रामोफोन आणि एक तबकडी ड्रायव्हरला देऊन गेल्या. तबकडीवरचं लाल लेबल खरवडलेलं. उरलेली अक्षरं ओळखीची नव्हती, एकदोन तर आरशात पाहिल्यासारखी उलटी होती. गाणारा रशियातला फार मोठा गवई आहे एवढंच बाईंनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी दानूला सांगितलं, आणि दानूने रविवारची उपासना झाल्यावर चावी भरून ते गाणं ऐकायचं व्रत धरलं. आवाज फुटला त्या वर्षी त्यांनी ठरवलं, बुवा जिथवर जातात तिथवर जायचं. वर्षं गेली, पण गेले. चर्चच्या गायनात बाकीचे खर्जवाले जिथे संपत तिथून काका सुरू होत. पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायका दानूला दानियल म्हणत आणि सांगत, दानियल गायला लागला की खालचा बाक थरथरतो.

बुवांचं चरित्र काका स्वतःचं असल्यासारखं सांगत. “बुवा आमच्यातलाच. आदी हमाली केली. बोटीवरच्या गोन्या उचलल्या. पोटाला न्हाई म्हनून चर्चात गायला. मग नाटकवाल्यांबरुबर हिंडला, मग थेट राजाच्या थेटरात. पर राजाच्या थेटरात गेला तरी हमालीतला श्वास त्यानं सोडला न्हाई. आवाज गळ्यातनं उचलायचा नसतो पत्रकबाई, कमरंतनं उचलायचा. गोनीवानी.”

मी काही कुणाचं ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. गाण्याची चाल मोबाईलला ऐकवून, शोधून शोधून मी बुवांचा छडा लावला. वाटलं होतं, निम्मं तरी खोटं निघेल. निघालं नाही. गरीब घर, ओझी उचलणं, चर्चमधलं गाणं, फिरती नाटकमंडळी, सम्राटाचं नाट्यगृह, सगळं बरोबर. पुढे बुवा देश सोडून गेले आणि परत गेले नाहीत, हे काकांना ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर म्हणाले, “गेला आसंल. आवाज बरुबर न्हेला ना, मग झालं.”

पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीने वेधलं. बुवांची सुरुवातीची गाणी ध्वनिमुद्रित झाली तेव्हा माईक आलेला नव्हता. एका खोलीत भिंतीतून मोठा भोंगा काढलेला असे, बुवा त्या भोंग्यात तोंड घालून गात, आणि पलीकडे त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ कापत जाई. वीज नाही, तार नाही, बटण नाही. गळ्यात दम असेल तेवढंच तबकडीवर उतरणार. मला त्या क्षणी माझ्या चळवळीचा पुढचा कार्यक्रम सुचला.

चळवळ कशाची ते सांगते. गावच्या यात्रेची मिरवणूक ग्रामीण रुग्णालयावरून जाते. तिथे रस्ता रुंद आहे म्हणून नेमकी तिथेच थांबते, आणि डीजेची भिंत प्रसूतीच्या वॉर्डाकडे तोंड करून उभी राहते. आत बाया कळा देताहेत, नुकती जन्मलेली पोरं पाळण्यात दचकताहेत, खिडकीच्या काचा वाजताहेत, आणि बाहेर तरुणाई नाचतेय. आमची मागणी फार मोठी नव्हती. रुग्णालयाच्या कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज बंद. एवढ्यासाठी आम्ही निवेदनं दिली. प्रत्येकाला उत्तर आलं की निवेदन मिळालं.

डीजे बंडूचा. बंडू माणूस वाईट नव्हता, हीच त्याची अडचण होती. रस्त्यात भेटला की हात जोडायचा. “ताई, तुमचं बरुबर हाय. पर बेस ही पब्लिकची मागनी हाय. बिनमाईकचं आजकाल कोन ऐकतंय? घरात आई हाक मारती तिलाबी मी ओ देत न्हाई.”

हेच तो यात्रा समितीच्या बैठकीतही म्हणाला, तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले की बिनमाईकचं ऐकवून दाखवते. समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब दोन्ही बाजूंना कंटाळलेले. त्यांनी तिथल्या तिथे निवाडा दिला. “यार्डाच्या मैदानात कार्यक्रम करा. वीज लावायची न्हाई. वजनकाट्यापत्तर ऐकू गेलं तर दवाखान्यापुढं आवाज बंद. न्हाई गेलं तर ताईंनी पत्रकं बंद.” लोक हसले. मला हसू आलं नाही. वजनकाटा मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला आहे.

काका लगेच तयार झाले. बुवा चावीवर गातील, मागोमाग आपण गाऊ, लोकांना दाखवू की एवढा आवाज माणसाच्या पोटात असतो. मी पत्रक छापलं: ‘वीज नको, माईक नको. रशियन बुवा आणि दानूकाका वैरागर. दोन गळे, एकच खर्ज. ऐका आणि ठरवा.’ उद्गारचिन्ह एकही नाही, काकांनी स्वतः तपासलं. पत्रकं वाटून झाली, बाजारात चिकटवून झाली, आणि कार्यक्रम तोंडावर आला असताना, तालमीला चावी भरताना मशीनमध्ये खाड्‌कन आवाज झाला. स्प्रिंग तुटली.

मशीन पोत्यात गुंडाळून मी नगरला नेलं. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ते उघडून पाहिलं, नाक मुरडलं, आतलं डिंकासारखं झालेलं जुनं ग्रीस खरवडून काढलं, कुठूनशी स्प्रिंग शोधून बसवली. “आता घोड्यासारखं पळंल,” म्हणाला. मी खुशीत परत आले. दानूकाकांनी हात धुतले, चावी भरली, सुई टेकवली.

बुवा गायला लागले. चांगलं गायले, तेज गायले, पण दोन-तीन सूर वरून.

मार्थाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “ह्यो कोन?”

काका तबकडीकडे बघत राहिले. “मिस्त्रीनं तबकडी बदलली.”

“तबकडी मी नेलीच नव्हती काका. फक्त मशीन नेलं.”

गाण्याच्या मध्ये एक चरा होता. तिथे दर वेळी ‘टक’ व्हायचं. आत्ताही झालं, त्याच शब्दावर. काका म्हणाले, “टक तर तीच हाय.” सुई लेबलापाशी जाऊन खरखरत राहिली.

मी मोबाईलवर तेच गाणं लावलं. तोच वरचा सूर. आमच्या चळवळीत वाईट बातमी कागदात गुंडाळून द्यायची पद्धत नाही. मी सरळ सांगितलं. “काका, मशीन म्हातारं झालं होतं. ग्रीस घट्ट, स्प्रिंग ढिली. तबकडी हळू फिरायची, म्हणून आवाज खाली यायचा. बुवांचा खरा आवाज हा.”

“म्हंजी बुवा तितं खाली कदी गेलाच न्हाई.”

“नाही.”

“मग मी इतकी वर्सं कुनाच्या मागं गेलो?”

उत्तर काकूंनी दिलं. “ग्रीसच्या.”

दुसऱ्या दिवशी रांजण घुमला नाही. काका चहा न पिताच यार्डात गेले. तिथे जे झालं ते मी स्वतः पाहिलं. पहिल्या ढिगाला बोली सुरू झाली, भाव चढत गेला, काकांचा आवाज उतरू लागला आणि मध्येच थांबला. पायरी दिसेना झाल्यासारखा तिथेच घुटमळत राहिला. व्यापारी आवाज टेकायची वाट बघत होते. तो टेकेना, म्हणजे सौदा व्हायचाय, असं समजून सवयीने पुढची बोली लावत राहिले. कांद्याला त्या दिवशी जो भाव निघाला तो पाहून शेतकरी एकमेकांना चिमटे काढू लागले. शेवटी एका व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. “दानूभाऊ, टेकवा की आता. आमी काय घरं इकायची का?” आणि कर्जतकडचा एक शेतकरी काकांचा हात हातात घेऊन अगदी मनापासून म्हणाला, “काका, तुमाला काय दुःख आसंल ते आसंल. हंगाम सरूस्तवर ऱ्हाऊ द्या.”

घरी काकू मार्ग शोधून बसल्याच होत्या. “तबकडीवर जरा बोट टेकवा की. आपोआप हळू फिरंल. लोकांना काय कळतंय?”

“मला कळतंय,” मी म्हणाले. “पत्रकावर माझं नाव आहे. बोट टेकवायचं असेल तर मी कार्यक्रमच रद्द करते. नाहीतर ‘दोन गळे, दोन खर्ज’ अशी दुरुस्ती छापते.”

“दवाखान्यातल्या बाया तुमच्या दुरुस्तीवर झोपनार का?” काकू म्हणाल्या. काका रांजणाच्या काठावर हात फिरवत बसले होते. एवढंच म्हणाले, “कार्यक्रम हुनार. बोट न्हाई टेकवायचं.”

मैदान भरलं होतं. अर्धे लोक गाणं ऐकायला आले होते, अर्धे आमची फजिती बघायला. बंडूने आपला पिकअप, त्यावरच्या काळ्या स्पीकरच्या भिंतीसकट, मुद्दाम कडेला लावून ठेवला होता. बंदच होता, पण उभा होता. वजनकाट्यावर भाऊसाहेबांनी पंच म्हणून काटेवाल्याला बसवलं होतं. ऐकू आलं तर त्याने पंचा हलवायचा.

काकांनी टेबलावर मशीन ठेवलं. अंगात नाताळातला काळा कोट. चावी भरली, बोट लांब ठेवलं, सुई सोडली. बुवा खऱ्या सुरात गायले. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं, तिसरीत खोकले सुरू झाले. वजनकाट्यावर पंचा हलला नाही. तबकडी संपली तसा पिकअपच्या बोनेटवर बसलेला बंडू म्हणाला, “काका, तुमचे बुवा तर अगदीच कोवळे निघाले.”

मैदान हसलं. मी पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघत होते आणि तो कुठे जाळावा याचा विचार करत होते. काका मात्र हसणं संपेपर्यंत थांबले. लिलावात ते असेच थांबत, लोकांची चुळबुळ मिटेपर्यंत. मग त्यांनी तबकडीवर हात ठेवला आणि यार्डातल्या आवाजात म्हणाले, “ऐकलं ना? बुवा ह्या सुरापत्तर आले. बुवांची बोली हितवर.” आणि मैदानभर नजर फिरवली. “पुढं कोन?”

सवय वाईट असते. पुढच्या रांगेतल्या दोन व्यापाऱ्यांनी चक्क एकमेकांकडे पाहिलं.

“कोन न्हाई? मग माजी बोली धरा.”

त्यांनी गाणं तिथूनच उचललं. रशियन शब्द होते, म्हणजे काकांना वाटत होते ते रशियन शब्द. बुवा जिथे थांबले होते तिथे ते क्षणभर उभे राहिले आणि मग एक सूर खाली उतरले. मग आणखी एक. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी डोळे मिटून घेतले होते आणि त्या ओठांनी ‘जा, जा’ म्हणत होत्या. आणखी खाली. कुणी खोकत नव्हतं. लिलावाच्या शेडचा पत्रा कुठेतरी बारीक कुरकुरायला लागला, आणि मग बंडूच्या पिकअपवरच्या सगळ्यांत मोठ्या स्पीकरची सैल झालेली जाळी आपल्याआपण थरथरली. बंडू बोनेटवरून खाली उतरला. काका तळाला टेकले आणि तिथे थांबून राहिले.

तेव्हा मागच्या बाजूला उभा असलेला एक हमाल सवयीने गोणीला हात घालायला वाकला.

वजनकाट्यावर पंचा हलत होता. भाऊसाहेबांनी काटेवाल्याला बोलावून विचारलं, नक्की ऐकू आलं का. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, “कानाला लई न्हाई आलं साहेब. पायाला आलं. काट्याचा आकडाबी हालला.” आकडा हलल्याचं मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून पत्रकात छापलं नाही. बंडूने थोडी हुज्जत घातली की पायाला येणं हे ऐकणं नव्हे. भाऊसाहेब म्हणाले, “तुजा बेसबी लोकांना पायालाच येतो ना? मग.” निवाडा झाला.

काका मशीन पोत्यात गुंडाळत होते. मी म्हणाले, “काका, आता कळलं ना, तुम्ही कुणाच्या मागे गेला नव्हतात.”

“कळलं,” ते म्हणाले. “बुवा बिचारा मागं ऱ्हायला.” त्यात गर्व होता की काळजी, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी रांजण घुमला आणि कांद्याचे भाव पूर्वपदावर आले. कर्जतचा शेतकरी माझ्यावर अजून नाराज आहे.

शेवटच्या आजारपणात काका त्याच ग्रामीण रुग्णालयात होते, रस्त्याकडच्या खोलीत. यात्रेची मिरवणूक एका संध्याकाळी तिथून आली. कुंपणाच्या टोकापर्यंत भिंती हादरवत आली आणि टोकाला पोचताच एकदम गप्प झाली. बंडूने स्वतःच्या हाताने बंद केलं. मी खिडकीत उभी होते, नाचणारी पोरं नुसती चालत होती, चपलांचा आवाज ऐकू येत होता. शेजारच्या वॉर्डात एक पोर रडलं, तेही ऐकू आलं.

“का बंद केलं त्यानं?” काका उशीवरून म्हणाले.

“तुमच्यामुळेच की काका.”

“त्याला म्हनावं जरा लाव. नवी बेसची पेटी आनलीय म्हनं. खाली कुटवर जातीय बघू दे.”

“अजिबात नाही. करार आहे.”

“पत्रकबाई, दोनच मिनिटं.”

मी नाही म्हणाले. काकांनी सुस्कारा सोडला, डोळे मिटले आणि पोटावर हात ठेवून त्या शांततेत हळूच एक सूर लावला. मोठा नव्हता, पण होता तळाचाच. कपाटावरचा स्टीलचा पेला किणकिणला. काकू म्हणाल्या, “लागला. चहा आनू?” त्यावर ते हसले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

एका दैनिकाने बातमी छापली, ‘कांदा लिलावातील परिचित चेहरा हरपला.’ चेहरा. निषेधाचं पत्र मी त्याच दिवशी पाठवलं, ते मिळाल्याचं उत्तर आलं आहे. चर्चमध्ये निरोपाच्या गीतात जिथे काकांचा सूर यायचा तिथे सगळे गाणारे सवयीने थांबले आणि ती जागा रिकामी ठेवून पुढे गेले. यार्डात आता माईक आला आहे.

तबकडी आणि मशीन काकूंनी मला दिलं. म्हणाल्या, मला त्या बुवाचं काय करायचंय. कधीतरी दुपारी मी चावी भरते आणि लावते, बरोबर वेगाने, बोट न टेकवता. बुवा उत्तम गातात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ‘टक’ होतं, गाणं पुढे जातं, शेवटचा सूर येतो, सुई लेबलापाशी पोचते. आणि मी तशीच बसून राहते, कारण सौदा झालेला नसतो.